लोणारकाठची इसरली

माझ्या समुद्रावरच्या पहिल्या कादंबरीत सूर्य समुद्रातून उगवला. कोकणचा किनारा, भली पहाट, नायिका वाळूत उभी, आणि समोर पाण्यातून लालभडक सूर्य वर येतोय, असं मी पहिल्याच पानावर लिहून मोकळा झालो. प्रकाशकानं ते वाचलं, मुद्रितं तपासणाऱ्यानं वाचलं, खिळे जुळवणाऱ्यानं तर अक्षर अक्षर हातात धरून वाचलं. कोणाच्या ध्यानात आलं नाही. पुस्तक किनाऱ्यावर पोचलं तेव्हा आलं. तिकडच्या एका वाचकानं पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं, की आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो तो तुमच्या बाजूनं. तेव्हा पाठवताना जरा पाहून पाठवत जा.

आता माझी बाजू ऐका. मी लोणारचा. आमच्या गावाला लागून खोल वाडग्यासारखं खाऱ्या पाण्याचं तळं आहे. मी शाळेत मास्तर. पहाटे झऱ्याच्या धारेच्या बाजूनं खाली उतरायचं, पश्चिमेच्या काठानं चालायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. तिथून पाण्यापलीकडे सूर्य वर येताना दिसतो. मला वाटलं, खारं पाणी म्हटलं की सूर्य असाच वागत असणार.

मग समुद्रावर लिहायला सांगितलं कोणी? तर प्रकाशकानं. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि आम्हा वऱ्हाडकरांना बसल्या जागी समुद्र मिळाला. मिळाला खरा, पण पाहिला कोणी? प्रकाशक म्हणाला, "सासू, शेत, पाटील पुष्कळ झालं मास्तर. वाचनालयातल्या बायकांना आता समुद्र हवाय." वाचनालयाची कादंबरी ही चीज बाहेरच्यांना ठाऊक नसते. ती विकत कोणी घेत नाही. वर्गणी भरून घरी न्यायची, जेवणं उरकली की वाचायची, आणि परत करताना कपाटापाशी उभं राहूनच निकाल द्यायचा. मी मेहकरला गेलो की तिथल्या वाचनालयात आपलंच पुस्तक काढून पानांवर हळदीची बोटं शोधत असे. डाग जितके जास्त तितकी कादंबरी चांगली. लेखकाचा आनंद असा पिवळा असतो. मेहकरच्या गाडीवर एक कंडक्टर होता. नायिकेचं लग्न कोणाशी लावणार हे सांगितल्याशिवाय तो घंटी मारत नसे. सगळी गाडी माझ्याकडे डोळे वटारून पाहत राही, आणि मी घाबरून कोणाशी तरी लावून टाकत असे.

पोस्टकार्डानं मात्र मी धसकलो. समुद्र पाहिलेला माणूस हवा होता. लोणारात तसा एकच निघाला. दत्तू.

दत्तूचा धंदा विहिरीत पडलेल्या वस्तू काढण्याचा. बादली, घागर, दोर तुटून गेलेली मोट. आधी तो दोराला लोखंडी गळ बांधून तळ चाचपायचा. गळाला नाही लागलं तर कमरेला दोर बांधून स्वतः बुडी मारायचा. काठावरच्या माणसानं दोर सैल धरायचा. खालून एक हिसका आला तर आणखी सोडायचा, दोन आले तर ओढायचं. वऱ्हाडात पोहणारे पुष्कळ, पण तळाशी जाऊन डोळे उघडे ठेवणारा हा एकटा. तो कुठून आला हे कोणाला माहीत नव्हतं. विचारलं की "तिकडून" म्हणायचा आणि हात कुठल्या तरी एका दिशेला करायचा. दर वेळी दिशा वेगळी.

मी त्याला सूर्याची गोष्ट सांगितली. तो काठावर बसून पोट धरधरून हसला. मग म्हणाला, "मास्तर, सांगतो तुमाले समुद्र. पन माझं नाव नाही, गाव नाही. कोनी इचारलं तं तुमीच पाह्यला."

मी हो म्हणालो. हा शब्द मी त्याला दिला, हे लक्षात ठेवा.

तेव्हापासून आम्ही दोघं चालू लागलो. उन्हाळ्यात पाणी आत सरकायचं आणि काठावर क्षाराचं पांढरं खापर पडायचं. पायाखाली ते करकर वाजलं की दत्तू भरती-ओहोटी समजावायचा. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर माझा हात धरून तो वारे सांगायचा. हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरायची, तेव्हा आम्ही दगडावर बसून भाजलेल्या भुईमुगाच्या फल्ल्या खायचो आणि तो होडीचे भाग सांगायचा, फल्लीचं टरफल पाण्यात सोडून. तळ्याला वास येतो, बाहेरची माणसं नाकाला रुमाल लावतात. दत्तू तो वास छाती भरून घ्यायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तास ते. घरी येऊन ताजं ताजं लिहून काढायचं, आणि रात्री बायकोला वाचून दाखवायचं. ती मधेच झोपली तर ते प्रकरण पुन्हा लिहायचं.

एकदा संध्याकाळी वारा एकदम पडला. पाणी निपचित झालं. आम्ही पाठ वळवली, तेवढ्यात एक एकटीच लहानशी लाट येऊन आमच्या टाचा भिजवून गेली. दत्तूच्या तोंडून निघून गेलं, "इसरली आली."

"काय आली?"

"इसरली. समुद्र निजते, होड्या वर वढून होतात, मानसं घराकडे तोंड करतात. मंग ही एकटीच येते. कायतरी इसरल्यावानी. गुडघ्यालोक भिजवते, कधी काठावरचं भांडं घेऊन जाते."

मी शब्द उचलला. एकदा नाही, कादंबरीभर पेरला. माझे कोळी उठता बसता इसरली इसरली करू लागले.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, ती मात्र मी कादंबरीत घातली नाही. थंडीतला दिवस होता. तो म्हणाला, "मास्तर, मले एक धाकला भाऊ होता. होडी उलटली. मी सुकानूवर होतो. मी पोहत आलो, तो नाही आला. बाप वाळूत उभा होता. त्यानं मले एकच इचारलं. तू काऊन आला?" त्याच रात्री त्यानं घर सोडलं, एवढं मी समजून घेतलं.

कादंबरी निघाली. सूर्य या वेळी नीट बुडाला. किनाऱ्यावरून शाबासकीची पत्रं आली, आणि मी मान ताठ करून चालू लागलो. एका सकाळी शाळेला सुट्टी होती, मी ओसरीवर वहाण शिवत बसलो होतो, आणि अंगणात एक म्हातारा येऊन उभा राहिला. काळा, उंच, हाताची बोटं दोराच्या पिळासारखी. काखेत छत्री. आमच्याकडे फाल्गुनात छत्री कोणी बाळगत नाही, त्यावरूनच तो परका वाटला.

"लेखक तुमीच?"

मी खुशीत येऊन पाय खाली घेतले. समुद्रावरून वाचक भेटायला आला! बायकोला हाक मारली, चहा ठेव म्हणालो.

म्हातारा बसला नाही. म्हणाला, "मी होडयेवरचो तांडेल. मालवणच्या खाली गाव. तुमच्या बुकात इसरली आसा. ह्यो शब्द तुमका खंय गावलो?"

सांगायचं म्हणजे, माझ्या कादंबरीतले कोळी पुण्याच्या प्राध्यापकांसारखे बोलत. खरी मालवणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पण इसरली कळलं, आणि तो शब्द कुठं सापडला हे विचारतोय तेही कळलं.

"तिकडे सगळेच म्हणतात की," मी म्हणालो.

"कोण म्हणनत नाय. अख्ख्या किनाऱ्यार नाय. माझो झील चार वर्सांचो होतो, तेवा त्याणा केलेलो ह्यो शब्द. आमच्या घरातलो. माझ्या लेकीन बुक वाचून दाखवल्यान आणि त्याची आवस भाकरी थापता थापता थांबली."

झील म्हणजे मुलगा, आवस म्हणजे आई, हे मला संदर्भानं समजलं. आणि मी काय केलं होतं तेही समजलं. समुद्राचा शब्द म्हणून मी एका घरातला शब्द उचलला होता, आणि छापून त्याच घरी पाठवला होता. वऱ्हाडातल्या माणसालाच जमावी अशी चूक. किनाऱ्यावरचा लेखक असता तर त्यानं विचारलं असतं, हा असला शब्द कुठला बाबा?

"बाबा, कादंबरी म्हणजे कल्पनाशक्ती असते," मी म्हणालो. "सुचलं आपलं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमच्या कल्पनाशक्तीन काय केल्यान, ता म्हायत आसा माका. सूर्य समुद्रातसून वर काढल्यान. ता बुक पण लेकीन वाचल्यान. ह्यो शब्द तुमचो न्हय. माझो झील खंय आसा, येवढा सांगा."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. तिला दत्तूची गोष्ट ठाऊक होती. कादंबरीत घातली नाही तरी रात्री तिला सांगितली होती, आणि तेवढी ऐकताना ती झोपली नव्हती.

"काय म्हनते हे?" ती म्हणाली.

"मुलाला शोधत आलेत."

"मंग?"

मग काय? मी शब्द दिला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, हा माणूस कशासाठी आला होता, कोण सांगणार? एका मुलाच्या मरणाचा जाब दुसऱ्याला पुन्हा विचारायला आला असेल तर? चेहऱ्यावरून काही कळेना. असले चेहरे मी कादंबरीत 'निर्विकार' म्हणून एका शब्दात उरकले होते.

"बाबा, तुम्ही चहा घ्या, आंग धुवा, जरा पडा," मी म्हणालो. "मी एकाला विचारून येतो." आणि फाटकी वहाण तशीच पायात सरकवून निघालो.

दत्तू त्या दिवशी शेषरावांच्या मळ्यावर होता. मोटेचा नाडा तुटून लोखंडी मोट विहिरीत गेली होती, आणि कांद्याला पाणी नव्हतं. अर्धी वाट मी पळत गेलो, उरलेली वाट वहाण हातात घेऊन. पोचलो तेव्हा दत्तू पायऱ्या उतरून पाण्याशी उभा होता. कमरेला दोर, वर शेषरावांच्या हातात दुसरं टोक.

"मास्तर, तुमी काऊन धापा टाकून राह्यले?" शेषराव हसत म्हणाले. "तुमची लेखणी पडली का विहिरीत?"

मी दत्तूजवळ पायऱ्या उतरून गेलो आणि हळू आवाजात सांगितलं. माणूस पाण्यात उतरणार असताना त्याला असलं काही सांगू नये, एवढी अक्कल मला त्या वेळी नव्हती.

"दत्तू, तुझे वडील आलेत. माझ्या घरी आहेत."

त्यानं वर पाहिलं नाही. पाण्याकडेच पाहत म्हणाला, "तुमी सांगतलं?"

"नाही. इसरलीनं सांगितलं."

त्याला कळलं. ओठ घट्ट झाले. "काऊन आला?"

"मला नाही माहीत. तू म्हणशील तर सांगतो, दत्तू नावाचा कोणी इथं नाही."

त्यानं कमरेचा दोर सोडला, पायरीवर ठेवला, आणि सूर मारला.

"अबे, दोर!" शेषराव वरून ओरडले. "दोर ठेऊन गेला हा!"

पाण्यावर वर्तुळं उमटली, विहिरीच्या भिंतींना लागली, मिटली. काळं पाणी पुन्हा जागच्या जागी बसलं. आम्ही वाट पाहू लागलो. तो बराच वेळ खाली राहतो, हे आम्हाला ठाऊक होतं. तेवढा वेळ गेला. मग आणखी गेला. शेषराव धावत खाली आले.

"मास्तर, काय सांगतलं तुमी त्याले?"

मला पोहता येत नाही. समुद्रावर दोन कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला गुडघाभर पाण्याचं भय आहे. शेषराव धोतर खोचू लागले, पण त्यांनाही तळ गाठणं जमणारं नव्हतं. मी पाण्यावर वाकून "दत्तू! दत्तू!" अशा हाका मारत होतो, आणि विहीर माझ्याच हाका मला परत देत होती.

तेवढ्यात वर पायांचा आवाज आला. पाहतो तर आमची ही, डोक्यावरचा पदर खांद्यावर, आणि तिच्या मागून तांडेल. मी घरातून निघाल्यावर हिनं म्हाताऱ्याला चहा पाजला होता, आणि मग त्याची छत्री त्याच्या हातात देऊन "चाला" म्हणाली होती. तिनं कोणाला शब्द दिला नव्हता.

तांडेलानं पायरीवर पडलेला सुटा दोर पाहिला. आम्हा दोघांचे चेहरे पाहिले. विचारलं काही नाही. छत्री टाकली, पायऱ्या उतरत सरळ मांड्यांपर्यंत पाण्यात गेला. पायरीच्या फटीतून त्यानं दोन दगड उपसून काढले, हात पाण्याखाली नेले, आणि पाण्याच्या आत दगडावर दगड आपटू लागला. वर आवाज येत नव्हता. फक्त त्याचे खांदे हलत होते. टक्, आणि थांबायचं. टक् टक्, आणि थांबायचं.

"काय करून राह्यले हे?" शेषराव पुटपुटले.

समोरच्या भिंतीला, पाण्यालगत, खडकाचा एक ओठ पुढे आलेला होता. त्याच्या खालच्या अंधारात पाणी हललं. एक डोकं बाहेर आलं. दत्तू कपारीत, त्या ओठाखाली, नुसतं नाक वर ठेवून बसला होता. आमच्या सगळ्या हाका त्यानं ऐकल्या होत्या आणि ओ दिली नव्हती. दगडांना दिली.

मागाहून तो मला म्हणाला, "वर यावं का नाही, इचार करून राह्यलो होतो. मंग पान्यात दगड वाजले. लहानपनी आमी बुडून खेळत राहो, तं बाबा असेच दगड वाजवून जेवायले बोलवत."

तो पोहत मधल्या पायरीपर्यंत आला. बापलेक पाण्यात उभे राहिले, हातभर अंतरावर. दत्तूची छाती वर-खाली होत होती.

म्हातारा म्हणाला, "धाप लागता तुका आता."

दत्तूचं तोंड वाकडं झालं. इतक्या वर्षांत त्याची बोली त्याच्यापासून निघून गेली होती. बोलला तो आमच्या भाषेत. "काऊन आले, बाबा?"

म्हाताऱ्याला काऊन कळेना. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कादंबरीकार म्हणून मी आयुष्यात पुष्कळ संवाद लिहिले, पण मध्ये उभं राहून एका शब्दाचा अर्थ सांगायची पाळी ती एकदाच आली. माझी मालवणी तेव्हा एका सकाळीइतक्या वयाची होती.

"कशासाठी," मी म्हणालो. "का आलात, म्हणतोय तो."

"कित्याक," म्हातारा स्वतःशीच बोलला. त्याचा हनुवटीपासूनचा सगळा चेहरा हलला. वाळूत उभं राहून त्यानं मुलाला हाच प्रश्न टाकला होता, आणि तो आता त्याच्याकडे परत आला होता.

"तुका घरा न्हेवक," तो म्हणाला. "आवस वाट बघता."

दत्तूनं वाकून पायरीवरचा दोर उचलला, कमरेला बांधला, आणि दुसरं टोक बापाच्या हातात दिलं. "मोट काढून येतो," म्हणाला. "शेषरावभाऊचा कांदा वाळून राह्यला."

आणि पुन्हा बुडी मारली. म्हाताऱ्यानं दोर दोन्ही हातांत धरला. विहिरीच्या काठावर पुष्कळांना दोर धरताना मी पाहिलं आहे; कोणी सैल धरतो, कोणी ताणून. तांडेलाच्या हातात दोर जिवंत दिसत होता. दोन हिसके आले. त्यानं ओढलं, शेषरावांनी हात लावला, मीही लावला, आणि मोट गाळ सांडत वर आली. मागोमाग दत्तू.

त्या रात्री बापलेक आमच्या ओसरीवर झोपले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. ऐकायला गेलो होतो, पण हिनं दाराची कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं गेले. निरोप घेताना दत्तू "मास्तर, तळ्यावर एकटे उतरू नका, घसरता तुमी," म्हणाला. म्हातारा माझ्या बायकोच्या पाया पडायला वाकला, तेव्हा तिची जी तारांबळ उडाली ती वेगळीच.

गाडी वळणाआड गेली आणि माझ्यातला लेखक जागा झाला. प्रकाशकानं तिसरी कादंबरी मागितली होती. निम्मी लिहून झाली होती, होडी भर समुद्रात होती, आणि तिला किनाऱ्याला कसं आणायचं हे सांगणारा माणूस मेहकरच्या वाटेला लागला होता. ती होडी आजही तिथंच आहे. पुढे मी रानावर लिहिलं, बाजारावर लिहिलं, समुद्रावर पुन्हा लिहिलं नाही. पहाटे तळ्यावर जातो, चालतो, फल्ल्या एकटाच खातो. त्यात आनंद नाही असं नाही. पण वारा पडला की मी पाठ वळवून मुद्दाम थोडा उभा राहतो.

त्या सकाळी घरी परतताना मी बायकोला म्हणालो, "माझा समुद्र गेला."

"तुमचा कधी होता?" ती म्हणाली. "ज्याचा होता तो घेऊन गेला."

थोडं चालल्यावर ती पुन्हा बोलली. "आपली बादली कालपासून विहिरीत पडून हाये. मी कोनाले बोलली नाही. सांगतलं असतं, तं दत्तूभाऊ थांबला असता."